धागा: अठराव्या होलपलीकडची खाचरं (कॅलिडोनिया, साउथ कॅरोलायना)

खारपाटकर

नोव्हेंबरात आम्ही चौघे केरीहून (नॉर्थ कॅरोलायना) साडेतीन-चार तास गाडी हाकून पॉलीज आयलंडला गोल्फ खेळून आलो. इथे गोल्फवर फारसं कुणी लिहीत नाही म्हणून धागा काढतोय. गोल्फमध्ये रस नसेल तर पहिले काही परिच्छेद गाळा, पुढे भात आहे.

मी पंचेचाळिशीनंतर क्लब हातात धरला. ऑफिसातले सगळे खेळतात, आपणच का मागे, एवढंच कारण. हँडिकॅप (ठरल्यापेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) सव्वीस. म्हणजे चेंडूला माझी दया येत असावी.

कॅलिडोनियाचं नाव इकडच्या गोल्फवाल्यांच्या तोंडी कायम असतं. माइक स्ट्रँट्झ या डिझायनरचं स्वतःच्या नावावरचं हे पहिलं काम, १९९४ सालचं. आधी तो टॉम फॅझिओच्या हाताखाली होता. घोड्यावर बसून जमीन पालथी घालायचा, प्रत्येक होल हाताने चितारायचा. २००५ साली पन्नाशीत कॅन्सरने गेला. मोजकीच कोर्सेस केली, पण एकेक बघण्यासारखं.

गेटातून आत शिरलं की दोन्ही बाजूंनी जुने लाइव्ह ओक. फांद्या वर एकमेकींत गेलेल्या आणि त्यांवरून राखाडी जटा लोंबतायत. त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात. ते मॉसही नाही आणि स्पॅनिशही नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. आमच्यातला एक म्हणाला, "अरे, हे तर वडाच्या पारंब्यांना पिकलेले केस आले!" गाडी आपोआप हळू झाली, कुणी सांगायला लागलं नाही.

कोर्स लांबीला कमी. पार (अठरा होलचे मिळून अपेक्षित फटके) ७०, अगदी मागच्या टीवरून (पहिला फटका मारायची जागा) साडेसहा हजार यार्ड. टींना नंबर वा रंग नाहीत, बदकांची नावं आहेत: पिनटेल, मॅलार्ड, वुड डक, रेडहेड. पण लांबी कमी म्हणून सोपं समजू नका. फेअरवे झाडांतून वळत जातात, ग्रीनभोवती (भोक असलेली बारीक कापलेली हिरवळ) वाळू आणि पाणी. नववा होल सव्वाशे यार्डांच्याही आतला, नुसती वेज (जवळच्या फटक्याचा क्लब) मारायची. तिथे मी एका बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) दुसऱ्या बंकरमध्ये आणि तिथून परत पहिल्यात गेलो. सहा फटके. थंडीच्या दिवसांत सकाळी दहाव्या टीपाशी गरम फिश चाउडर (माशांचं दाट सूप) देतात, फुकट. तो कप हातात आल्यावर नवव्याचं दुःख ओसरलं.

अठरावा मात्र जन्मभर लक्षात राहील. उजवीकडे वळणारा पार चार. दुसरा फटका पाण्यावरून मारायचा, पलीकडे ग्रीन आणि ग्रीनला चिकटून क्लबहाउसचा व्हरांडा. त्यात खेळून झालेली मंडळी हातात पेले घेऊन तुमची फजिती बघायला बसलेली. मी पाच नंबरचं आयर्न घेतलं. चेंडू पाण्यात. दुसरा घेतला, तोही पाण्यात. व्हरांड्यातून टाळ्या. एकूण १०४.

मग मीही व्हरांड्यात जाऊन बसलो. समोर पाणथळ, त्यात पिवळं पडलेलं उंच गवत, पलीकडे वॅकमॉ नदीचा अंदाज. सुंदर वगैरे होतंच. पण बघता बघता डोळा एका गोष्टीवर अडकला. त्या गवतातून पाण्याच्या रेघा जात होत्या, आणि त्या सरळ होत्या. काटकोनात वळणाऱ्या. ओहोळ असा कधी वाहत नाही. माझं बालपण पेण तालुक्यात खारपाटात गेलंय. मी शेजारच्याला म्हटलं, "ही खाचरं आहेत. ते बघ बांध."

तो म्हणाला, "दोन चेंडू पाण्यात गेल्याचा परिणाम आहे."

पण खाचरंच होती ती. बाकीचं जेवून लिहितो.

बोगीवाला

मस्त! आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो तेव्हा अझेलिया फुलल्या होत्या, चेंडूकडे लक्षच लागत नव्हतं (माझी नेहमीची सबब). जाणाऱ्यांना एक सल्ला: समोरच्याच बाजूला ट्रू ब्लू नावाचं कोर्स आहे, तेही स्ट्रँट्झचंच, १९९८ चं. स्वभावाने अगदी उलटं. सगळं अवाढव्य, वाळूचे पसारे, पार ७२. दोन दिवस काढून दोन्ही खेळा. आणि अठराव्याला पाच नंबरचं आयर्न नको हो, एक क्लब जास्त घ्या. तिथे सगळ्यांचाच कमी पडतो, कारण व्हरांडा बघून हात आखडतो.

नन्नाचा_पाढा

श्रीमंतांचे चोचले. असो, भाताचं काय ते लिहा.

खारपाटकर

जेवलो. लिहितो.

पॉलीज आयलंडच्या मागची ही जमिनीची चिंचोळी पट्टी, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वॅकमॉ नदी, एकेकाळी अख्खी भाताखाली होती. जॉर्जटाउन काउंटी. १८४० च्या सुमाराला अमेरिकेतल्या एकूण तांदळापैकी जवळजवळ निम्मा एवढ्याशा टापूत पिकत होता. कॅरोलिना गोल्ड नावाची जात. सोनेरी असतं ते वरचं तूस, आतला दाणा पांढराच.

पिकवण्याची रीत अशी. नदीकाठी सायप्रसचं दलदलीतलं जंगल. ते हातांनी तोडायचं, बुंधे काढायचे, बांध घालायचे, आत चर खणून खाचरं पाडायची. समुद्र जवळ असल्यामुळे नदीला भरती-ओहोटी आहे, पण थोडं वर गेलं की भरतीने वर ढकललं जातं ते नदीचंच गोडं पाणी. बांधात लाकडी दार. भरतीला उघडलं की शेत भरतं, ओहोटीला उघडलं की रिकामं होतं. पंप नाही, मोट नाही. या दाराला ते ट्रंक म्हणतात, कारण सुरुवातीला सायप्रसचं खोड पोखरून त्याचाच नळ करत.

आमच्याकडे याला उघाडी म्हणतात. खारबंदिस्तीच्या बांधात बसवलेलं, वरून टांगलेलं लाकडी दार. पावसाचं पाणी ओहोटीला ढकलून बाहेर जातं, भरती आली की दार आपोआप मिटतं आणि खारं पाणी बाहेर राहतं. लहानपणी उघाडीच्या तोंडाशी आम्ही चिवणी (मासे) पकडायचो. दुसऱ्या दिवशी ब्रुकग्रीन गार्डन्समध्ये गेलो, तिथे एका जुन्या भातशेतावर ट्रंक आहे. मी तिथल्या कठड्याला टेकून किती वेळ उभा होतो कोण जाणे. बाकीचे तिघे कंटाळून पुतळे बघायला गेले.

आता त्या कामाची दुसरी बाजू. हे बांध घातले, चर खणले, ते गुलामांनी. १८६० साली या काउंटीत दर शंभर माणसांमागे पंच्याऐंशी गुलाम होते. ब्रुकग्रीनचा मालक जोशुआ वॉर्ड, त्याच्या एकट्याच्या मालकीची हजाराहून जास्त माणसं होती. आणि ही माणसं नुसते हात नव्हते. त्यातली पुष्कळ पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावरून, सेनेगांबिया-सिएरा लिओनकडून आणलेली. दलदलीत भात कसा घ्यायचा हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. बायका बी टाकून टाचेने मातीत दाबत, ती रीत तिकडचीच. मालक मात्र उन्हाळा आला की मलेरियाच्या भीतीने समुद्राच्या वाऱ्यावर पॉलीज आयलंडला पळत.

त्या व्हरांड्यातून जो 'देखावा' दिसतो तो निसर्ग नाहीच. चिखलात कमरेइतकं उभं राहून कुणीतरी केलेलं बांधकाम आहे ते, गवत माजलेलं.

ऋतुगंधा

वाचनखूण साठवली. टाचेने बी दाबणं वाचून काटा आला अंगावर.

मांडवीचो_मासो

आमच्या गोव्यात ह्याच दाराला मानस म्हणतात, आणि जमिनीला खाजन. मानशीच्या तोंडाशी मासे धरण्याचा हक्क लिलावात जातो, चांगला पैसा येतो गावाला. आणि खारं पाणी थोडं सोसणारा कोरगूट तांदूळ. फरक एकच लक्षात घ्या: आमची मानस खारं पाणी बाहेर ठेवायला, त्यांची ट्रंक गोडं पाणी आत घ्यायला. दार तेच, काम उलटं. बांध फुटला तर मात्र दोन्हीकडे रडायची पाळी सारखीच.

खारपाटकर

@मासो, अगदी बरोबर पकडलंत, माझ्याकडून ते धड सांगायचं राहिलं. आणि बांध फुटण्याबद्दल म्हणाल तर तिथे तेच झालं. १८६५ नंतर गुलामी गेली, फुकटचे हात गेले. तरी थोडीफार शेती रेटली. मग १८९३, १९०६ आणि १९११ अशी तीन मोठी वादळं झाली, बांध फोडून खारं पाणी शेतात घुसलं. तोवर टेक्सास-लुइझियानात यंत्रावरचा भात सुरू झाला होता. या चिखलात यंत्र रुतायचं. धंदा संपला.

मग उत्तरेकडच्या धनिकांनी या जमिनी घेतल्या. कशाला? बदकं मारायला. पडीक भातशेतात बदकं उतरतात. बर्नार्ड बारूकने १९०५ साली हॉबकॉ नावाची अशीच जमीन घेतली, १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट तिथे महिनाभर विश्रांतीला होते. टींना बदकांची नावं का, ते आता कळलं असेल. भात, बदकं, गोल्फ. जमीन तीच.

नन्नाचा_पाढा

एवढं सगळं माहीत असूनही तिथे जाऊन चेंडू मारलात? आणि फुकटचं सूप प्यायलात? उद्या कुणी छळछावणीवर बॅडमिंटन कोर्ट बांधलं तर जाल का?

दुसरी_सर्व्ह

नन्ना, तुलना ताणू नका. या हिशेबाने आसामात चहा पिणं बंद करावं लागेल. तिथल्या मळ्यांत छोटा नागपूरहून करार करून नेलेले मजूर कसे राबवले आणि कसे मेले, ते वाचलंय का? आणि त्याच मळ्यांच्या साहेबांचे जिमखाने आणि गोल्फ कोर्सेस आजही आहेत, लोक खेळतात. मुन्नारला चहाच्या उतारांमध्ये गोल्फ आहे, फोटो काढून आपणच स्टेटसला लावतो.

नन्नाचा_पाढा

दुसऱ्याने शेण खाल्लं म्हणून... पुढचं तुम्हीच पूर्ण करा.

अलिबागची_सून

धाग्याचं काश्मीर करू नका रे. नन्नांचा प्रश्न रास्त आहे, पण छळछावणीपर्यंत जायची गरज नाही, आपल्या घरचंच बघू. माझं सासर चरीजवळ. तिथल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांची शेतं कसली नाहीत. नारायण नागू पाटलांचा संप. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी खारबांध घातले, त्यांच्या वाट्याला तूस आणि खोताच्या कोठीत तांदूळ. सासूबाई सांगतात, संपात लोक लाकडं तोडून, करवंदं विकून जगले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले, १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. गुलामी आणि खोती एक नव्हे, हे मला कळतं. खोताला कुळाचं पोर बाजारात उभं करून विकता येत नव्हतं. पण आज अलिबागेत त्याच खाचरांवर भराव टाकून जी फार्महाउसं उठलीत, त्यांच्या लॉनवर चहा पिताना आपल्यापैकी कितीजण विचारतात की ही जमीन कुणी केली?

(माझ्या नणंदेच्याच आहे एक. चहा प्यायलेय मी.)

ऋतुगंधा

+१. शेवटच्या कंसाला विशेष +१.

खारपाटकर

@नन्ना, हाच प्रश्न मला घरातून आधीच आलाय. लेक कॉलेजात आहे. तिला व्हरांड्यातून फोटो पाठवला तर तिचं उत्तर एका ओळीचं: "बाबा, प्लँटेशनवर गोल्फ?" मी तिला लांबलचक उत्तर टाइप केलं आणि पुसून टाकलं. माझे आजोबा दुसऱ्याच्या जमिनीवर भात लावायचे. त्यांच्या नातवाने पांढरे हातमोजे घालून भातशेताशेजारी चेंडू मारावा, यात मला आधी गंमत वाटली होती. फोटो पाठवला तोही त्याच भरात. तिच्या त्या ओळीनंतर गंमत उतरली.

पण परत जाणार नाही असं म्हणालो तर खोटं होईल. अठराव्याशी माझा हिशेब राहिलाय.

दुसऱ्या दिवसाचं सांगतो. ब्रुकग्रीन म्हणजे चार जुनी भाताची प्लँटेशन्स एकत्र करून १९३१ साली हंटिंग्टन नवराबायकोने केलेली पुतळ्यांची बाग. त्यात लोकंट्री ट्रेल म्हणून लाकडी पायवाट आहे, जुन्या भातशेताच्या कडेने जाणारी. वाटेत स्टेनलेस स्टीलच्या चार आकृत्या: मालक, मुकादम, गुलाम पुरुष, गुलाम स्त्री. पत्र्यातून कापून काढाव्यात तशा, आणि चकाकणाऱ्या. त्या स्त्रीच्या आकृतीसमोर उभं राहिलं की स्टीलमध्ये मागचं शेत दिसतं आणि आपलं तोंडही. मी गोल्फची टोपी घालून होतो. काढून खिशात घातली. का, ते विचारू नका.

नंतर चार्ल्सटनकडे निघालो. हायवे १७ वर माउंट प्लेझंटला रस्त्याच्या कडेला टोपल्यांचे ठेले लागतात. गला लोकांच्या बायका तिथे बसून टोपल्या करतात. गला म्हणजे याच भातशेतांवरच्या गुलामांचे वंशज, त्यांची बोली अजून वेगळी आहे. टोपली आपल्यासारखी विणलेली नसते. स्वीटग्रास नावाच्या गवताची जुडी गोल गोल फिरवत नेतात आणि ताडाच्या पातीने टाके घालत जातात. एका ठेल्यावर मोठी, पसरट, कमी काठाची टोपली टांगलेली होती. आजीला विचारलं ही कशाची? म्हणाली, फॅनर. मी विचारून ती खाली घेतली, दोन्ही हातांत धरली आणि आपण सुपात पाखडतो तशी दोनदा उडवली. मनगटाने झटका, थोडं पुढे ढकलून, पुन्हा झेलायचं. आई करायची तसं.

आजी हसायलाच लागली. शेजारच्या ठेल्यावरच्या बाईला हाक मारून दाखवलं, हा बघ! मग मला म्हणाली, तुझ्याकडे पण तांदूळ? मी म्हटलं, तांदूळ आहे, उखळ आहे, मुसळ आहे, फक्त हे बांबूचं असतं आणि त्याला एक बाजू उघडी असते. तिने टोपली हातात घेतली, मला नीट करून दाखवलं. तिचा झटका माझ्यापेक्षा बारीक होता, जवळजवळ आवाज नाही.

फॅनर परवडली नाही, चांगलीच महाग असते आणि असायलाच हवी, एकेक करायला आठवडे जातात. लहानशी टोपली घेतली. सध्या तिच्यात गोल्फचे चेंडू नाहीत, हे नन्नांच्या समाधानासाठी सांगतो. लसूण आहे.

नन्नाचा_पाढा

लसूण चालेल. टोपी काढलीत ते बरं केलंत.

मांडवीचो_मासो

हे वाचून मजा आली. पाखरं हाकायची रीत होती का तिथे? आमच्याकडे पोरांना माळ्यावर बसवायचे, डबे वाजवायला.

खारपाटकर

होती. बोबोलिंक नावाचा पक्षी, त्याचं नावच तिकडे राइसबर्ड पडलंय. भात दुधात आला की थव्याने उतरायचा. गुलामांची पोरं-म्हातारी दिवसभर ओरडत, काही बडवत बसायची. पाऊस नि चिखल दोन्हीकडे असला की माणसाला सुचतंही तेच.

बोगीवाला

अवांतराबद्दल क्षमस्व, पण धागा गोल्फचा आहे म्हणून: या भागाचा आणि गोल्फचा संबंध लोकांना वाटतो त्याहून फार जुना आहे. १७४३ साली स्कॉटलंडच्या लीथ बंदरातून चार्ल्सटनला ९६ क्लब आणि ४३२ चेंडू पाठवल्याची बंदरात नोंद आहे. आणि कॅलिडोनिया हे रोमनांनी स्कॉटलंडला दिलेलं नाव. म्हणजे ज्या काळी हे चर खणले जात होते त्याच काळी तिथून आजच्या गाडीने दीडेक तासाच्या अंतरावर साहेब चेंडू टोलवत होता. आधी भात आणि मग गोल्फ, असं नव्हतंच. दोन्ही एकाच जहाजांच्या ये-जा करण्यातलं आहे.

खारपाटकर

बोगीवाला, हे ९६ क्लबचं मला ठाऊक नव्हतं. आता व्हरांडा आणखी अवघड झाला.

ऋतुगंधा

तो कॅरोलिना गोल्ड तांदूळ आता मिळतो का? की तोही संपला?

खारपाटकर

संपला होता जवळजवळ. १९८० च्या दशकात एका डोळ्यांच्या डॉक्टरने सरकारी बियाणे संग्रहातून बी मिळवून पुन्हा लावला. का लावला, तर शेतावर बदकं यावीत म्हणून! पुन्हा बदकंच. पण भात चांगला निघाला, लोकांनी मागितला, आणि आता विकत मिळतो. आपल्या किराणा दुकानातल्या कोलमच्या मानाने कैकपट महाग. एक पिशवी आणलीय.

तिकडे नववर्षाला हॉपिन जॉन करतात, म्हणजे तांदूळ आणि चवळी. चवळीसुद्धा आफ्रिकेतूनच आलेली. थँक्सगिव्हिंगला लेक घरी आली तेव्हा मी केला, त्यांच्या डुकराच्या मांसाऐवजी आपली लसणाची फोडणी. त्याच टोपलीतला लसूण. तिने दोनदा घेतला. गोल्फचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

अलिबागची_सून

चवळीभातच की हो! पाणी किती घातलंत? मोकळा झाला का?

खारपाटकर

दुप्पट घातलं, चिकट झाला. पुढच्या वेळी पावणेदोन वाट्या घालून बघतो. कुकर नको, पातेल्यातच करा.